पिराजीमामांची मोना आणि चाळीस शब्द

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. राजारामपुरीत सातव्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, माझा इंग्रजी बोलायचा क्लास आहे. माझ्याकडं शिकून गेलेल्या तीन पोरी आज परदेशात नर्स आहेत. त्यांचे फोटो मी जिन्यात लावलेत. पण आमच्या पेठेत माझं नाव झालं ते त्यांच्यामुळं नाही. ते ज्या विद्यार्थिनीमुळं झालं तिला चार पाय आहेत, शिंगं आहेत आणि ती वैरण खाते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पेठ हसून दमली आहे आणि माझा पारा चढायला फार वेळ लागत नाही.

मी फरहीन. क्लास राजारामपुरीत असला तरी राहते जुन्या पेठेत, पिराजीमामांच्या घरासमोर. मामा सदुसष्ट वर्षांचे. डोक्याला पटका, गालफडं बसलेली, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला खोकले तर त्या टोकाला कुत्री उठतात. शाळा सातवीपर्यंत. चार म्हशी. संध्याकाळ झाली की मामा म्हशी घेऊन कोपऱ्यावरच्या दूध कट्ट्यावर जाणार, तिथं लोक रांगेनं उभे, समोर धार काढायची आणि फेसाचा ग्लास तसाच गरम गरम हातात द्यायचा. बाहेरगावचे पावणे याचे फोटो काढतात. त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे ते आम्हाला अजून कळलेलं नाही. दूध म्हशीचं, म्हैस समोर, ग्लास हातात. आणखी काय पाहिजे माणसाला?

माझे अब्बा, गौस रिक्षावाले म्हणून सगळे ओळखायचे त्यांना, शेवटच्या आजारात काही खाईनात. पोटात टिकायचं ते फक्त मामांच्या म्हशीचं दूध. मामा रोज सकाळी स्वतः तांब्या घेऊन यायचे, अब्बांच्या उशाशी बसायचे आणि कुस्तीवरून भांडण काढायचे. आजारी माणसाशी भांडतंय कोण, म्हणून मी चिडायचे. पण अब्बा त्या भांडणासाठी उशीला टेकून उठून बसायचे. तेव्हापासून मामा काही मागायला आले की माझ्या तोंडून नाही निघत नाही.

गेल्या वर्षी मामा मागायला आले ते इंग्रजी.

झालं असं. मामांच्या गोठ्याशेजारी पूर्वी रिकामी जागा होती. तिथं सात मजली अपार्टमेंट झालं. अपार्टमेंटच्या कडेनं एक पट्टी सुटली होती, त्या पट्टीवरून मामांच्या म्हशी रस्त्याला यायच्या. मामांच्या आज्यापासून याच वाटेनं. कागदावर मात्र पट्टी अपार्टमेंटची. आता सोसायटीला तिथं भिंत घालायची होती. भिंत झाली की गोठ्याला दुसरी वाट नाही. एका बाजूला नाला, एका बाजूला शेजाऱ्यांची घरं, आणि समोर मामांचं स्वतःचं घर. त्या घराच्या दारातून झुंबरमामीच आडव्या होऊन जातात, म्हैस कुठनं जाणार? म्हणजे भिंत झाली की चारही म्हशी विकायच्या. सरळ हिशोब.

सोसायटीनं रीतसर पत्र दिलं होतं. दोन महिन्यांनी रविवारी सभा आहे, त्यात भिंतीचा ठराव येणार आहे, तुमची बाजू येऊन मांडा. खाली सही, सेक्रेटरी हंबीरराव. आणि पत्र सगळं इंग्रजीत.

मामांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. 'नॉइज पोल्यूशन' म्हणजे आवाजाचा त्रास. 'ट्रॅफिक कन्जेशन' म्हणजे रस्त्यात कोंडी. 'रेसिडेन्शियल एरिया' म्हणजे माणसांनी राहायची वस्ती. मी एकेक उलगडत गेले तसा मामांचा चेहरा काळानिळा होत गेला.

"एवढं सगळं माझ्या म्हशीनी केलं?" मामा म्हणाले. "चौघींनी मिळून?"

"मामा, सभेत तुम्ही मराठीत बोला. सगळ्यांना कळतंय."

"न्हाय. ज्या भाषेत शिवी आली त्याच भाषेत परत द्यायची. न्हायतर समोरच्याला वाटतंय, ह्याला कळलीच न्हाय." मग आवाज जरा खाली आला. "पोरी, माझ्या म्हशी जायाला लागल्यात. शिकिव मला."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बॅचला, सतरा नर्सिंगच्या पोरींच्या मागं, शेवटच्या बाकावर पटका दिसला.

त्या महिन्यात आमचा धडा नेमका शहरी जीवनाचा होता. शहर कसं आहे, राहणीमान कसं आहे, हे परदेशी जायच्या परीक्षेत हमखास विचारतात. त्यासाठी मी चाळीस शब्दांची यादी केली होती. ओव्हरक्राउडेड, स्लम, स्कायस्क्रेपर, अमेनिटीज, कॉस्ट ऑफ लिव्हिंग, फास्ट पेस्ड लाइफ, असं सगळं. माझी ती यादी फार नावाजलेली आहे. तिच्या झेरॉक्स दुसऱ्या क्लासवाल्यांनीही चोरून नेल्यात.

मामांनी यादी गुडघ्यावर ठेवली, चष्मा लावला आणि तासभर एकेका शब्दावर बोट फिरवलं. मग हात वर.

"मॅडम, ह्यात चांगला शब्द एक बी कसा न्हाय?"

"आहेत की. ग्रीन स्पेस आहे. म्हणजे झाडंझुडपं."

"एक झाला. बाकी सगळं कोंडी, घाण, गर्दी, धूर. हे शहराचं वर्णन हाय का पंचनामा?"

पोरी फिसकन हसल्या. मी डस्टर आपटलं. पण मनात म्हटलं, अरे खरंच की. पाच वर्षं ही यादी शिकवतेय, माझ्या लक्षात आलं नाही.

"आणि दारात म्हैस बांधलेली असती, कोपऱ्यावर दूध मिळतंय, त्याला काय शब्द?"

"त्याला शब्द नाही मामा."

"मग पुस्तकवाल्यानं कोल्हापूर बघितलंच न्हाय," मामांनी निकाल देऊन टाकला.

एक शब्द मात्र त्यांना भलताच आवडला. पेडेस्ट्रियन. रस्त्यानं पायी चालणारा. त्याला रस्त्यावर पहिला हक्क असतो, गाड्यांनी थांबायचं असतं, असं मी सांगितलं. मामा एकदम ताठ बसले.

"मोना कशानं जाती?"

"कोण मोना?"

"माझी धाकटी म्हैस."

"पायी जाते."

"गाडीवर बसती कधी?"

"नाही मामा."

"मग मोना पेडेस्ट्रियन झाली का न्हाय?" मामांनी सगळ्या वर्गाकडं वळून बघितलं. "आणि त्या अपार्टमेंटात माणूस खाली भाजी आणायला जातंय ते बी गाडीवर. त्या सगळ्या सात मजल्यात पेडेस्ट्रियन एक न्हाय. माझ्या चौघी हायत."

मी फळा पुसायला घेतला. 

आता पाठांतर. सदुसष्टाव्या वर्षी चाळीस शब्द डोक्यात राहणं सोपं नव्हे. पालथ्या घड्यावर पाणी. क्लासमध्ये म्हटलेला शब्द मामा जिना उतरेपर्यंत विसरायचे. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. माणसाचं डोकं शांत कधी असतंय? धार काढताना. तेव्हा पाठ करायचं.

इथं म्हशीचा स्वभाव सांगायला हवा. म्हैस म्हणजे सवयीचं जनावर. ठरलेली वेळ, ठरलेला हात, ठरलेला आवाज. त्यात मोना अति नखरेल. पहिलं रेडकू दगावल्यापासून ती मुकाट पान्हा सोडत नसे. तिच्याशी संथ आवाजात कुणीतरी काहीतरी बोलत राहायला लागायचं. मामा तिला गल्लीतल्या भानगडी सांगायचे. कुणाचं लग्न मोडलं, कुणी कुणाच्या दारात कचरा टाकला. मोनाला पेठेची जितकी माहिती होती तितकी पोलिसांनाही नसेल. आता त्या जागी आला इंग्रजीचा धडा. सकाळी पाच आणि संध्याकाळी कट्ट्यावर जायच्या आधी पाच, मामा मोनाच्या कुशीला डोकं टेकून, चरवी गुडघ्यात धरून सुरू. "ओव्हरक्राउडेड... ट्रॅफिक कन्जेशन... नॉइज पोल्यूशन..." संथ, सुरात, आरती म्हटल्यासारखं.

सहा आठवडे गेले. एक दिवस पहाटे सव्वापाचला माझा फोन वाजला. झुंबरमामी.

"फरहीन, तुझ्या मामानं म्हशीला काय करून ठेवलंय गं?"

"का? काय झालं?"

"हे कागलला लग्नाला गेल्यात. मी धार काढाय बसलोय, तर तिघींनी दिली आणि ही भवानी उभी नुसती. पाटलाच्या सुनंची सगळी भानगड सांगून झाली. थेंब न्हाय! मागं वळून माझ्याकडं बघाय लागलीया. काहीतरी मागती ती."

 मला कळलं काय झालंय ते.

"मामी, फोन तिच्या कानाशी धरा."

"कुनाच्या?"

"मोनाच्या!"

आणि मी, एम. ए. इंग्लिश, प्रथम श्रेणी, बिछान्यात बसून, पहाटे, केस पिंजारलेले, मोठ्यानं म्हणायला लागले. "ओव्हरक्राउडेड. ट्रॅफिक कन्जेशन. नॉइज पोल्यूशन. रेसिडेन्शियल एरिया. अमेनिटीज..." शेजारच्या खोलीतून अम्मी ओरडत आली, "क्या हुआ गे तुझे?" मी हातानं थांब म्हटलं. सहाव्या शब्दाला फोनमधून चरवीत पहिली धार पडल्याचा आवाज आला.

"आगं आय गं!" झुंबरमामी किंचाळल्या. "लावला की नाद हिला! आता मला बी इंग्लिश शिकाय पायजे काय ह्या वयात?"

लोक म्हणतात, गाढवापुढं वाचली गीता. म्हशीपुढं वाचलेलं इंग्रजी मात्र वाया गेलं नव्हतं. दुपारी पेठेत सगळीकडं झालं. क्लासला जाताना रिक्षास्टॉपवरून हाक, "मॅडम, आमच्या बैलाला ॲडमिशन हाय का?" माझं डोकं फिरलं. मी त्यांना जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

पण मामांना त्याचं काही नव्हतं. त्यांना दिवस मोजायचे होते. जसजशी सभा जवळ आली तसतसा त्यांचा आवाज बसत गेला. एकदा क्लास सुटल्यावर जिन्यात थांबले.

"पोरी, मोनाला कोण घेईल गं? दूध देत न्हाय म्हणून पहिल्याच आठवड्यात खाटकाला दाखवतील. तिकडं तिची भाषा कुनाला येती?"

मी म्हटलं, "मामा, कुणी घेऊन जाणार नाही तिला." म्हटलं खरं. भिंत थांबवणं माझ्या हातात कुठं होतं?

सभेचा रविवार आला. संध्याकाळी पाचची वेळ. मी मामांना म्हटलंसुद्धा, ही धारेची वेळ आहे. मामा म्हणाले, झुंबर बघून घेईल, आधी तिघींची काढेल, मोनाला मी आल्यावर. आम्ही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर चहाचं रिकामं पातेलं, ग्लासांची चळत, आणि माइक. कोल्हापुरात चार माणसं जमली की आधी माइक येतो, विषय नंतर येतो. इथं तर दोन मोठे कर्णेही होते, गणपतीतले असावेत.

सेक्रेटरी हंबीरराव मी पहिल्यांदाच जवळून बघितले. सत्तरीचे, उंच, पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची पँट, चेहरा बंद दुकानासारखा. शेजारी त्यांची सून स्नेहल, पुण्याच्या कंपनीचं काम घरातून करते म्हणे. ती लॅपटॉप घेऊन सभेचं टिपण लिहीत होती. हंबीररावांनी माइक घेतला आणि कागदावरून वाचलं, "गुड इव्हनिंग. वुई वेलकम मिस्टर पिराजी. प्लीज स्पीक." तीन वाक्यांत त्यांना घाम फुटला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मामा उठले. पटका नीट केला. माझ्याकडं एकदा बघितलं, अब्बांच्या उशाशी बसताना बघायचे तसं, आणि माइकजवळ तोंड नेलं.

"रिस्पेक्टेड रेसिडेन्ट्स," मामा म्हणाले. कर्ण्यातून आवाज साऱ्या गल्लीत गेला. "आवर सिटी इज ओव्हरक्राउडेड. देअर इज ट्रॅफिक कन्जेशन. देअर इज नॉइज पोल्यूशन..."

माणसं माना डोलवायला लागली. आणि मला माझी चूक दिसली. भाषण मीच लिहून दिलं होतं, माझ्याच यादीवरून. त्या यादीत तक्रारीशिवाय काही नव्हतं. मामा स्वतःच्या म्हशींविरुद्धच बोलत होते, आणि लोकांना ते पटत होतं! पेडेस्ट्रियनचा मुद्दा मी शेवटी ठेवला होता. तिथवर पोचायचे तर आधी पाच मिनिटं स्वतःचाच पंचनामा. अशा बाईनं क्लास काढावा?

मामा अडखळत होते, पण सूर सापडला तसे चालले. कुठला सूर? तोच. गोठ्यातला. संथ, लांबवलेला. "रेसिडेन्शियल एरिया... अमेनिटीज..."

गोठ्याच्या बाजूनं काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मग झुंबरमामींची आरोळी, "धरा गं तिलाऽऽ!" मग घुंगरांचा आवाज.

आता हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही. पण आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात आणि मालक गाडीवर पुढं आणि म्हैस मागं अशा पळवतात. मालकाचा आवाज आला की कोल्हापूरची म्हैस आगीतून येईल. इथं तर मालकाचा आवाज दोन कर्ण्यांतून येत होता, धारेची वेळ झाली होती आणि शब्दही नेमके तिचेच होते. मोना दावं तोडून, त्याच वादाच्या पट्टीवरून, थेट पार्किंगमध्ये आली.

खुर्च्या उडाल्या. खजिनदार गाडीच्या टपावर चढले. स्नेहल लॅपटॉप छातीशी धरून खांबामागं गेली. मोनाला कुणाशी देणंघेणं नव्हतं. ती माइकपाशी येऊन मामांना खेटून उभी राहिली. कास तटतटलेली, सडांतून थेंब थेंब फरशीवर.

"मामा, बोलणं थांबवा!" मी ओरडले.

मामा थांबले. मोनानं शिंग झाडलं आणि माइकचा स्टँड आडवा झाला. पुढं हंबीररावांच्या मुलाची नवी कोरी गाडी.

"थांबून चालतंय व्हय!" मामांनी तिच्या गळ्यात उरलेला कासरा शिंगांपाशी घट्ट धरला आणि परत सुरू झाले. "कॉस्ट ऑफ लिव्हिंग... अरं, कुनीतरी बसा की खाली! कळ लागलीया तिला... फास्ट पेस्ड लाइफ... मी सोडलं तर ही गाडी फोडंल... ग्रीन स्पेस!"

कोण बसणार? मी मागं सरले. मला इंग्रजी येतं, धार काढता येत नाही. सात मजल्यांत एकमेकांची तोंडं बघणं चाललं होतं.

तेवढ्यात हंबीरराव उठले. चहाचं रिकामं पातेलं उचललं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ मोनाकडं चालत गेले. जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवत शेपटापर्यंत नेला. नवखा माणूस असं करत नाही. "थांब अक्का, थांब," म्हणाले, आणि उकिडवे बसून डोकं तिच्या कुशीला टेकलं.

पातेल्यात धार वाजली.

मामांचे डोळे विस्फारले, पण तोंड चालूच. यादी संपली तशी पहिल्यापासून सुरू केली. ओव्हरक्राउडेड, ट्रॅफिक कन्जेशन.  एक माणूस शहराच्या व्यथा सांगतोय आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हैस पिळतोय. पातेलं अर्ध्याच्या वर गेलं, कास रिकामी झाली. तरी हंबीरराव उठेनात. डोकं तसंच टेकलेलं. पांढऱ्या शर्टाला शेण लागलं होतं.

"आण्णा?" स्नेहल खांबामागून बाहेर आली. "आण्णा, काय झालं?"

हंबीरराव तसेच बसून बोलले, आणि बोलले ते चक्क आमच्यासारखं.

"आमी शिरोळचं. तीन म्हशी हुत्या माझ्या. एकोणीसच्या पुरात नाव आली ती माणसास्नी न्यायाला आली. म्हशी कुठं बसवायच्या? बांधून ठिवलं तर जाग्यावर बुडतील. म्हणून तिघींचं दावं मीच कापलं. म्हटलं, पवून जावा कुठं तरी. नावंतनं लांब जास्तवर माझ्याकडंच बघत हुत्या." पातेलं बाजूला सरकवलं. "न्हाय सापडल्या."

 मामांचा आवाज कधी थांबला ते मलाही कळलं नाही. मोना रवंथ करत होती.

"मग पोरानं हितं आणलं. चौथ्या मजल्यावर. तुमची म्हैस पहाटे रेकली की मी उठून बसतोय. हात धुतोय. चरवी शोधतोय. मग ध्यानात येतंय, कुठं निघालास मर्दा? रोज. दोन वर्सं झाली, रोज." सुनेकडं बघितलं. "तुला काय सांगू? म्हटलं, आवाजाचा त्रास होतोय."

"आणि मी पत्र लिहिलं," स्नेहल म्हणाली. तिनं लॅपटॉप मिटला. "तुम्हीच म्हणालात ना, इंग्रजीत लिही, वजन पडतं म्हणून?"

"व्हय. पण मला वाटलं नव्हतं, हे बी इंग्रजीत उठतील. तीन दिवस ती तीन वाक्यं पाठ करतोय मी."

मामांनी कासरा माझ्या हातात दिला. (मी घाबरून तो लगेच खांबाला गुंडाळला.) हंबीररावांना दंडाला धरून उठवलं.

"आयला, पावणं," मामा म्हणाले, "ही इंग्रजी मारायची गरज काय हुती? माझं दोन म्हैनं गेलं, तुमची झोप गेली. पहाटे उठून बसताय न्हवं? मग चार पावलं खाली यायाचं की! गोठ्याला काय कुलूप हाय?"

एवढ्यात झुंबरमामी तुटकं दावं हातात घेऊन धापा टाकत आल्या. सगळ्यांकडं बघितलं, रडवेल्या माणसांकडं, उलट्या खुर्च्यांकडं, टपावरच्या खजिनदारांकडं.

"सभा झाली असली तर च्या टाका," मामी म्हणाल्या. "दूध ताजं हाय."

चहा झाला. ठरावही झाला. भिंतीचं पत्र गेलं होतं म्हणून ती बांधली, सोसायटीचा शब्द आहे शेवटी. पण तिला एक फाटक ठेवलं. गवंड्यानं रुंदी किती म्हणून विचारलं, तेव्हा हंबीररावांनी टेप घेऊन मोनाचं पोट मोजलं आणि वर वीतभर धरलं, गाभण राहिली तर म्हणून.

तेव्हापासून हंबीरराव रोज पहाटे खाली येतात. तिघींची धार मामा काढतात. मोनाला दोघं. मामा यादी म्हणतात, हंबीरराव पिळतात. मी दहादा सांगितलं, यादी पाठ करा तुम्हीही, क्लासला या. त्यांचं एकच, "ह्या वयात? न्हाय जमायचं."

गेल्या महिन्यात मामा-मामी दोघंही जोतिबाला गेले, मुक्कामाला. आता मोनाचं काय, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पहाटे उठले, यादीचा कागद पर्समध्ये टाकला आणि गोठ्याकडं निघाले. म्हटलं, फोनवर म्हटलंय तर समोर उभं राहूनही म्हणू. जायची ती अब्रू कधीच गेली आहे.

गोठ्याच्या दाराशी पोचले आणि आतून इंग्रजी ऐकू आलं.

हंबीरराव मोनाच्या कुशीला बसले होते. नाकावर चष्मा. समोर मेढीच्या लाकडाला खिळ्यावर एक कागद अडकवला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. तेच पत्र. सोसायटीनं मामांना पाठवलेलं. मामांनी जपून ठेवलं असणार. हंबीरराव एकेक शब्द लावून वाचत होते. "टू, मिस्टर पिराजी. सब्जेक्ट. नॉइज पोल्यूशन अँड ट्रॅफिक कन्जेशन... इन रेसिडेन्शियल एरिया..." मोना डोळे मिटून ऐकत होती आणि चरवीत धार एकसारखी पडत होती.

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकले. आत वाचन पुढं चाललं होतं. म्हशींमुळं होणारी घाण झाली, रहिवाशांची झोपमोड झाली, कायदेशीर कारवाईची ताकीद झाली. युवर्स फेथफुली झालं. शेवटी स्वतःचं नाव आलं, तेही वाचलं, आणि कागद संपला.

आता मोना अडवणार म्हणून मी यादी बाहेर काढली, पाऊल आत टाकणार तेवढ्यात हंबीररावांनी चष्मा काढून खिशात घातला. डोकं तिच्या कुशीला टेकलं.

"कुठं गेलतीस गं अक्का?" ते हळूच म्हणाले. "एवढं दीस कुठं गेलतीस?"

धार चालूच राहिली. मी यादी पर्समध्ये ठेवली आणि आल्या पावली घरी आले.